कोठवर कापावे

शल्यविद्येत हात कसा चालवावा हे गुरुजवळ उभे राहून शिकता येते, रक्तस्राव कसा आवरावा आणि टाका कसा घ्यावा हे सरावाने अंगी बाणते. परंतु कोठवर कापावे, या एका प्रश्नाचे उत्तर डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही, आणि वर्षानुवर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या शल्यविशारदालाही ते केवळ अंदाजाने देता येत नाही. त्वचेच्या कर्करोगात हा प्रश्न विशेषच बिकट होतो. कारण येथे रोग उघड्यावर असतो, त्याची कड दिसते असे वाटते, आणि दिसणारी ती कडच पुष्कळदा फसवी ठरते. थोडे कापले तर रोग मागे राहतो व दोन वर्षांनी अधिक माजून परततो; जास्त कापले तर ज्या पायावर माणसाला शेतात उभे राहायचे असते तो पायच विनाकारण जातो. माझ्या व्यवसायातील बहुतेक काळ या प्रश्नाच्या सान्निध्यात गेला असून, त्याला आज जो काही भरवशाचा आधार मिळतो तो मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी काढून घेतलेल्या काही मिलिमीटरांच्या तुकड्यातून, आणि त्या तुकड्यातील पेशींवर उमटविलेल्या रंगखुणांतून मिळतो. त्या रंगखुणांना आम्ही मार्कर म्हणतो.

नांदगाव खंडेश्वर हे माझे गाव. अमरावतीहून बडनेऱ्यावरून यवतमाळकडे निघालेला रस्ता या गावातून जातो. टेकडीवर खंडेश्वराचे यादवकालीन हेमाडपंती मंदिर आहे, आणि भोवतालचा सारा मुलूख कपाशी, तूर आणि अलीकडे सोयाबीन यांच्या काळ्या जमिनीचा आहे. वडील महसूल खात्यात नोकरीस होते. दप्तर नीट लावून ठेवणे, तारखेवाचून कागद न स्वीकारणे आणि नोंदीवाचून कोणतीही गोष्ट खरी न मानणे, हा त्यांचा शिरस्ता घरात आम्हा भावंडांच्या वाट्यालाही आला. वैद्यकीचे शिक्षण मी नागपूरला घेतले, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचे काही शिक्षण परळला झाले, आणि नंतर अमरावतीत स्थायिक होऊन आठवड्यातील एक दिवस गावाकडचे रोगी पाहण्याचा क्रम मी ठेवला. या क्रमात मला वारंवार जे दिसले ते असे, की रोगी पिशवीभर कागद घेऊन येतो, त्यात रक्ताचे अहवाल असतात, सलाईनच्या चिठ्ठ्या असतात, औषधांची बिले असतात. आणि काढलेली गाठ कशाची होती हे सांगणारा एक कागद मात्र त्यात नसतो.

माझ्या तालुक्यातीलच एक चाळिशीच्या आतबाहेरची बाई अशीच आली. निंदण, वेचणी अशा मजुरीवर घर चालविणारी. खांद्याच्या मागे एक टणक, तांबूस-काळसर, वरून गुठळ्यागुठळ्यांची गाठ. तिच्यावर दोन वेळा दोन ठिकाणी शस्त्रक्रिया झाली होती, दोन्ही वेळा गाठ काढून फेकून देण्यात आली होती, आणि मधल्या काळात जुन्या व्रणाचा केलॉइड वाढला असावा अशा समजुतीने त्यात इंजेक्शनेही टोचली गेली होती. "दोन डाव काहाडली सायेब, मंग हे परत काऊन येते?" असे तिने विचारले, आणि तिच्या त्या साध्या प्रश्नात रोगाची सारी कैफियत होती. मी त्या दिवशी गाठ काढण्यासाठी सुरी हाती घेतली नाही. गाठीच्या मध्यभागातून खोलवर, चरबीपर्यंत पोहोचणारा एक निमुळता तुकडा काढला, तो फॉर्मालिनमध्ये घातला, आणि अहवाल येईपर्यंत थांबण्यास तिला सांगितले. थांबणे हे रोग्याला उपचार वाटत नाही, हे मी जाणतो. "आता काहाडून टाका ना एकदाची" असा आग्रह तिच्या नवऱ्याने धरला तो स्वाभाविकच होता, कारण मजुरी बुडवून दोघे आली होती आणि पुन्हा एकदा यायचे म्हणजे पुन्हा एकदा बुडवायची होती. तरीही मी आग्रह मानला नाही. आणि ज्या कारणासाठी मानला नाही ते येथे विस्ताराने सांगणे मला अगत्याचे वाटते.

त्या तुकड्याच्या नेहमीच्या रंगवलेल्या काचेत लांबट, तर्कूच्या आकाराच्या पेशी एका केंद्राभोवती वळणावळणाने मांडलेल्या दिसल्या. अशी मांडणी निरुपद्रवी डर्मॅटोफायब्रोमातही दिसू शकते, आणि डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स या दुर्मिळ कर्करोगातही दिसते. पहिल्याला तेवढीच गाठ काढणे पुरते, दुसऱ्याला ते मुळीच पुरत नाही. पाश्चात्त्य देशांतील नोंदींप्रमाणे हा दुसरा रोग वर्षाकाठी दहा लाख माणसांत सुमारे चार जणांना होतो; म्हणजे एखाद्या सर्वसाधारण शल्यचिकित्सकाने आपल्या संपूर्ण कारकिर्दीत तो एकदोनदाच पाहावा, आणि पाहूनही ओळखू नये, हे अगदी संभवनीय आहे. फ्रान्समधील दारिए आणि फेराँ यांनी 1924 साली त्याचे वर्णन केले, तेव्हापासून त्याचा एक स्वभाव सर्वांना ठाऊक आहे: तो दूरच्या अवयवांत क्वचितच जातो, परंतु जेथे असतो तेथून हटत नाही. वरून गाठ दिसते तेवढीच ती नसते. शेतात हरळी वरून उपटली तरी तिच्या काड्या मातीखाली हातहातभर पसरलेल्या राहाव्यात, तसे त्याचे धागे त्वचेखालील चरबीच्या पेशींमधील फटीफटींतून बाहेरच्या बाजूला गेलेले असतात, आणि वरची त्वचा मात्र तेथे निरोगी दिसते. त्या बाईच्या गाठी परत का येत होत्या, याचे उत्तर यातच होते.

परंतु दोघांपैकी हा कोणता, हे ठरविल्यावाचून एवढे मोठे कापणे हा अन्याय झाला असता. म्हणून विकृतिशास्त्रज्ञांनी त्याच तुकड्याच्या आणखी दोन काचा केल्या आणि त्यांवर सीडी 34 व फॅक्टर तेरा-ए या दोन मार्करांची परीक्षा केली. प्रोट्युबरन्स असेल तर सीडी 34 चा तपकिरी रंग बहुतेक सर्व पेशींवर चढतो आणि दुसरा चढत नाही. डर्मॅटोफायब्रोमात सामान्यतः नेमके उलट घडते. या परीक्षेतील एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. सीडी 34 हे द्रव्य रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही निसर्गतःच असते; त्यामुळे काचेवरील निरोगी रक्तवाहिन्या रंगल्या आहेत की नाहीत हे आधी पाहायचे, त्या रंगल्या असतील तर परीक्षा बरोबर झाली याची खातरजमा होते, आणि मगच गाठीच्या पेशींविषयी निकाल द्यायचा. स्वतःच्या सचोटीचा पुरावा स्वतःबरोबर बाळगणारी अशी चाचणी पाहिली की, ज्यांनी ती घडविली त्यांच्याविषयी मनात आदर दाटून येतो.

अहवालात सीडी 34 सर्वत्र होते. मग मात्र शस्त्रक्रियेची आखणी करताना मला अंदाजावर विसंबावे लागले नाही. गाठीच्या आणि दोन्ही जुन्या व्रणांच्या कडेपासून तीन सेंटीमीटर निरोगी त्वचा घेऊन, खाली स्नायूवरील आवरणासह सारे एकसंध काढावयाचे. हा रोग लसिकाग्रंथींत क्वचितच जात असल्यामुळे काखेतील गाठींना हात लावावयाचा नाही. आणि काढलेल्या भागाच्या चारही बाजू टाक्यांनी खुणावून, सर्व कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून आल्याशिवाय तेथे त्वचा फिरवून बसविण्याची मोठी रचना करावयाची नाही, तोवर साधी ड्रेसिंगच ठेवावयाची. एका बाजूची कड अपुरी आढळली. तेवढीच बाजू पुन्हा काढली, ती निर्मळ निघाली, आणि मांडीवरची पातळ त्वचा घेऊन जखम झाकली. ती बाई पुढे नियमितपणे दाखवायला येत राहिली; रोग परत आला नाही, आणि हात खांद्यावरून पूर्ण वर जातो, म्हणजे वेचणीच्या कामात अडत नाही, हे तिने मला हात वर करूनच दाखविले. या रोगाच्या बहुसंख्य गाठींत सतराव्या आणि बावीसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एक नवाच जनुक जुळलेला असतो; ज्यांचे कापणे अशक्य किंवा फार विद्रूप करणारे ठरते अशांना इमॅटिनिब या गोळीचा उपयोग होतो, आणि अमेरिकेत या कामासाठी तिला 2006 साली मंजुरी मिळाली. त्या बाईला ती गोळी लागली नाही.

या रंगखुणांचा इतिहास पाहू गेले असता 1941 हे साल मनात ठसते. त्या वर्षी 28 फेब्रुवारीला मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी प्रतिद्रव्यांना प्रकाशमान रंग जोडून ऊतीतील नेमके द्रव्य शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या फ्रेडरिक मोह्स यांनी त्वचेचा कर्करोग थराथराने काढून प्रत्येक थराची संपूर्ण कड सूक्ष्मदर्शकाखाली तपासत जाण्याची आपली पद्धत मांडली. तीन ठिकाणच्या या तीन गोष्टींना एकमेकींची वार्ताही नसावी; परंतु आज माझ्यासारखा शल्यचिकित्सक ज्या तिवईवर उभा आहे तिचे तीन पाय हेच होत. पुढे 1975 साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिद्रव्ये हवी तितकी तयार करण्याची युक्ती शोधली, तिच्यामुळे मार्करांची परीक्षा मोठ्या संशोधनसंस्थांच्या बाहेर पडून सामान्य रुग्णालयांच्या प्रयोगशाळांपर्यंत आली. तुकडा मेणात बसवून केलेल्या ठोकळ्यातून तीनचार मायक्रॉन जाडीचा काप घ्यावयाचा, तो प्रेशर कुकरमध्ये विशिष्ट द्रावणात तापवावयाचा म्हणजे फॉर्मालिनने झाकोळलेली द्रव्ये उघडी पडतात, मग त्यावर प्रतिद्रव्य घालावयाचे, आणि अखेरीस तपकिरी रंग उमटवावयाचा: एवढ्या साध्या वाटणाऱ्या क्रमात तंत्रज्ञाचे किती लक्ष लागते, हे मी प्रयोगशाळेत जाऊन बसल्याशिवाय मला कळले नसते. सावळ्या त्वचेच्या आपल्या रोग्यांत तर आणखी एक अडचण असते. त्वचेतील मेलॅनिनही तपकिरी आणि परीक्षेचा रंगही तपकिरी. तेव्हा मेलॅनिनने भरलेल्या गाठींत लाल रंग वापरावा लागतो, नाहीतर निसर्गाचा रंग कोणता आणि परीक्षेचा कोणता हे ठरत नाही.

हे मी मुद्दाम लिहितो, कारण मार्कर म्हणजे अंतिम फर्मान अशी समजूत अलीकडे तरुण डॉक्टरांत दिसते, आणि ती मला धोक्याची वाटते. सीडी 34 इतरही काही गाठींत असते. प्रोट्युबरन्सच अधिक उग्र रूप धारण करतो तेव्हा त्याच्या पेशींतून ते नाहीसेही होते. एकटा मार्कर काही ठरवीत नाही. गाठ कोठे आहे, किती दिवसांची आहे, साध्या रंगातील काचेत तिची घडण कशी आहे, हा सारा तपशील विकृतिशास्त्रज्ञापुढे असला पाहिजे. 'खांद्यावरील गाठ' एवढ्या दोन शब्दांच्या चिठ्ठीसह आलेल्या तुकड्यावर जो निकाल येतो त्याची जबाबदारी चिठ्ठी लिहिणाऱ्यावरही असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा रोगी तळपायाचा. साठीकडे झुकलेला कास्तकार, टाचेजवळ काळा डाग. दोनतीन वर्षांपूर्वी बाभळीचा काटा रुतला, त्यावर बिब्बा लावला, तेव्हापासूनचा हा काळेपणा आहे, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे काट्यावर बिब्ब्याचे तेल लावण्याची रीत जुनी आहे आणि बिब्बा त्वचा काळी करतो हेही खरे; त्यामुळे तळपायाचा काळा डाग बिब्ब्याच्या खाती जमा होतो, आणि त्याच डागाच्या मध्यभागी जखम होऊन ती भरेनाशी झाल्याशिवाय कोणी तो दाखवीत नाही. गोऱ्या लोकांत मेलॅनोमा हा रंगपेशींचा कर्करोग उन्हाच्या जागी होतो. आपल्या वर्णाला उन्हापासून संरक्षण आहे, म्हणून आपल्याकडे हा रोग एकंदरीतच विरळ, आणि होतो तेव्हा तळपाय, तळहात, नखाखालची जागा, अशा ऊन न पोहोचणाऱ्या ठिकाणी पुष्कळदा होतो. त्याने मला पहिलाच प्रश्न विचारला तो असा: "पाय कापाच लागते काय सायेब? पेरनी तोंडावर हाये." कोणीतरी त्याला तसे सांगितले होते.

"काकाजी," मी म्हणालो, "तुकडा पाहिल्याशिवाय पायाचं काहीच ठरवता येत नाही. आधी तुकडा."

त्याला तसे सांगणाऱ्याच्या मागे एक लांबलचक परंपरा होती, हे मला मान्य करावे लागते. लंडनच्या सॅम्पसन हँडली यांनी 1907 साली मेलॅनोमाविषयी जी व्याख्याने दिली त्यांतील शरीररचनेचा आधार मुख्यतः एकाच स्त्रीच्या शवविच्छेदनाचा होता. पण त्यांतून पुढे पाच सेंटीमीटर कड काढण्याचा शिरस्ता जगभर रूढ झाला आणि साठसत्तर वर्षे टिकला. तळपायावर पाच सेंटीमीटर म्हणजे काय, हे ज्याला कळते त्याला त्या शिरस्त्याने किती पाय नेले असतील याचीही कल्पना येईल. हा शिरस्ता हटला तो एका मोजमापाने. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी 1970 साली दाखवून दिले की, गाठीची रुंदी किंवा काळेपणा यांपेक्षा ती त्वचेत किती मिलिमीटर खोल गेली आहे, यावर रोग्याचे भवितव्य अवलंबून असते. आणि 1988 साली इटलीच्या वेरोनेसी यांच्या नेतृत्वाखालील जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाने सिद्ध केले की, पातळ मेलॅनोमात एक सेंटीमीटर कड काढलेले आणि तीन सेंटीमीटर काढलेले रोगी सारखेच जगतात. आज मिलिमीटरच्या आतील खोलीला एक सेंटीमीटर, दोन मिलिमीटरांपलीकडच्या खोलीला दोन सेंटीमीटर, असे प्रमाण ठरले आहे. म्हणूनच तुकडा घेताना तो त्वचेच्या पूर्ण जाडीचा असावा लागतो. वरवर खरवडून घेतला तर ही खोली कायमची मोजता येईनाशी होते, आणि एका घाईच्या हाताने त्या रोग्याच्या पुढील सर्व निर्णयांचा पाया काढून घेतलेला असतो.

त्याच्या तुकड्यात साध्या रंगाने पेशी मेलॅनोमाच्या दिसत होत्या, परंतु व्रणाखाली त्यांची सीमा कोठे संपते हे सूज आणि रक्त यांमुळे उमगत नव्हते. एस-100, मेलॅन-ए आणि सॉक्स-10 या मार्करांनी ती सीमा लाल रंगात स्पष्ट झाली आणि खोली मोजता आली. ती दोन मिलिमीटरांहून अधिक भरली. पाय कापण्याचे कारण उरले नाही. दोन सेंटीमीटर कड घेऊन टाचेजवळचा भाग काढला, आणि तळव्याच्या आतील बाजूची, वजन न पेलणारी, परंतु तळव्याच्याच जातीची त्वचा तिच्या रक्तवाहिनीसह फिरवून तेथे बसविली. कारण मांडीची पातळ त्वचा अनवाणी चालणाऱ्याच्या टाचेखाली टिकत नाही. त्याच वेळी, ज्या लसिकाग्रंथीत त्या जागेचा रस सर्वप्रथम उतरतो ती जांघेतील पहिली ग्रंथी निळ्या रंगाने हुडकून काढली. ही रीत डोनाल्ड मॉर्टन यांनी 1992 साली दिली. तिच्यामुळे सर्व ग्रंथी काढण्याआधी एका ग्रंथीला विचारता येते.

त्या ग्रंथीत नेहमीच्या काचेवर काही दिसले नाही. मार्करांच्या काचेवर मात्र कडेच्या पोकळीत मूठभर पेशींचा एक लहान पुंजका लाल झालेला आढळला. पूर्वीच्या नियमाने एवढ्या पुराव्यावर जांघेतील सर्व ग्रंथी काढणे भाग होते. परंतु 2017 साली मॉर्टन यांच्याच परंपरेतील मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झालेला होता: अशा रोग्यांत सर्व ग्रंथी काढल्या काय किंवा सोनोग्राफीने लक्ष ठेवले काय, तीन वर्षांनी रोगातून वाचलेल्यांचे प्रमाण दोन्ही बाजूंना 86 टक्केच राहिले, मात्र सर्व ग्रंथी काढलेल्यांपैकी 24 टक्क्यांच्या हातापायाला सूज आली आणि लक्ष ठेवलेल्यांत ती 6 टक्क्यांना आली. चिखलात पाय रोवून काम करणाऱ्याचा पाय सुजून जड होणे म्हणजे त्याची शेती दुसऱ्याच्या हाती जाणे. मी त्याच्या जांघेतील बाकीच्या ग्रंथींना हात लावला नाही. ठराविक मुदतीने सोनोग्राफी करीत राहिलो आणि पुढील औषधोपचारासाठी त्याला नागपूरच्या तज्ज्ञांकडे पाठविले. मार्करने पेशी दाखविल्या म्हणून कापलेच पाहिजे असे नाही, हे शिकायला आमच्या शास्त्राला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि ज्यांनी स्वतःच्या आवडत्या शस्त्रक्रियेविरुद्ध जाणारा हा पुरावा स्वतःच जमविला त्यांचे धैर्य मला शस्त्रक्रियेच्या कौशल्याहून थोर वाटते.

त्वचेचाच आणखी एक प्रकार, मर्केल पेशींचा कर्करोग, मी फार थोडा पाहिला. सावळ्या लोकांत तो अतिशय दुर्मिळ. सूक्ष्मदर्शकाखाली तो फुप्फुसाच्या एका उग्र कर्करोगासारखाच दिसतो, आणि सीके-20 चा केंद्रकाशेजारी पडणारा ठिपका व टीटीएफ-1 ची अनुपस्थिती यांवरून तो त्वचेचाच आहे हे ठरते. फुप्फुसातून आलेला असेल तर त्वचेवर मोठी शस्त्रक्रिया करण्यात अर्थ नसतो. पापणीतील तैलग्रंथीचा कर्करोग मात्र आपल्या देशात पाश्चात्त्यांच्या मानाने अधिक आढळतो. रांजणवाडी समजून तो पुनःपुन्हा फोडला जातो आणि पापणीच वाचविता येत नाही अशा अवस्थेत येतो. एकाच जागी दुसऱ्यांदा आलेली रांजणवाडी फोडताना तिचा अंश तपासणीस पाठवावा, एवढेच त्याविषयी सांगतो.

कोणता रोग आपल्याकडे कशामुळे होतो, अशा नोंदींचे महत्त्व फार पूर्वी ओळखणारे आपल्याच देशातील होते, याचा मला अभिमान वाटतो. टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्यबाई यांच्यासमवेत 1945 साली भारतीय राहणीतून उद्भवणाऱ्या कर्करोगांवर लेख लिहिला; त्यात कमरेला धोतर घट्ट नेसल्याने वर्षानुवर्षे एकाच रेषेवर घर्षण होऊन उद्भवणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन आहे. पुढे साडीच्या व परकराच्या नाडीखालीही तो आढळला. मीही कमरेच्या त्या काळवंडलेल्या पट्ट्यावर असा व्रण पाहिला आहे. तेथे मार्करची गरज क्वचितच पडते. साधी काच पुरते. न भरणाऱ्या जुन्या जखमेतही तसेच. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले तेव्हापासून या जिल्ह्यात कुष्ठरोग्यांच्या बधिर तळव्यांवरील व्रणांची शुश्रूषा होत आली आहे. अशा दीर्घकालीन व्रणांत क्वचित कर्करोग उद्भवतो, परंतु व्रणाच्या कडेची त्वचा कर्करोगासारखी नुसती भासावी अशी जाडही होते, आणि एका उथळ तुकड्यावर विसंबून पाय काढला जाण्याचा धोका असतो. तेथे कडेच्या अनेक ठिकाणांहून खोल तुकडे घेणे हाच न्याय.

आता आमच्या तालुक्याच्या पातळीवरची गोष्ट. या सर्व विद्येचा पाया एका बाटलीत आहे आणि ती बाटली पुष्कळ ठिकाणी नसते. फॉर्मालिनचा उपयोग फर्डिनंड ब्लम यांनी 1893 साली दाखविला. दहा टक्क्यांचे द्रावण, तुकड्याच्या निदान दहापट, आणि तुकडा निदान सहा तास व शक्यतो तीन दिवसांहून अधिक काळ नव्हे, एवढाच नियम आहे. प्रत्यक्षात तुकडे सलाईनमध्ये येतात, स्पिरिटमध्ये येतात, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीच्या अरुंद तोंडातून दाबून भरलेले येतात, कित्येकदा कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून एसटीने येतात. उन्हाळ्यात वऱ्हाडातील पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हा सलाईनमधला तुकडा अमरावतीला पोहोचेपर्यंत कुजलेला असतो. त्याच्यावर कोणताही मार्कर रंगत नाही, आणि रोग्याला दुसऱ्यांदा टोचावे लागते. हे टाळायला पैसा लागत नाही, मोठे यंत्र लागत नाही. रुंद तोंडाची एक बाटली, ताजे द्रावण आणि तीन ओळी पूर्ण लिहिलेली चिठ्ठी लागते. मी माझ्या परीने तालुक्यातील परिचित डॉक्टरांकडे अशा बाटल्या ठेवण्याची तजवीज केली. ज्यांनी ठेवल्या त्यांच्याकडून येणाऱ्या तुकड्यांचे निकाल एका फेरीत लागू लागले.

मार्करांच्या परीक्षेला खर्च येतो, त्यासाठी मेणाचा ठोकळा नागपूरला किंवा मुंबईला पाठवावा लागतो, निकालाला आठदहा दिवस लागतात, ही अडचण खरी आहे. शासनाच्या जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा भार हलका होतो, पण शस्त्रक्रिया कोणती करावी हे ठरविणारी परीक्षा रोग्याच्या खिशातून व्हावी, ही रचना मला उलटी वाटते. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी पाचसहा मूलभूत मार्करांची सोय शासकीय प्रयोगशाळेत असावी, असे मी संबंधितांना वेळोवेळी लिहीत आलो आहे आणि पुढेही लिहीन.

तोवर वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या किंवा तुमच्या घरातील माणसाच्या अंगावरची कोणतीही गाठ, कितीही लहान व कितीही किरकोळ सांगितलेली असो, काढली गेली तर ती तपासणीला कोठे पाठविली हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. अहवाल लेखी घ्या, त्यावरील ठोकळ्याचा क्रमांक जपून ठेवा. आणि दुसऱ्या रुग्णालयात जाताना काचा व मेणाचा ठोकळा मागून घेऊन बरोबर न्या. ठोकळा नीट ठेवला तर अनेक वर्षे टिकतो, आणि आज उपलब्ध नसलेली परीक्षाही उद्या त्यावर करता येते.